परळच्या फुटपाथवरचा निळा ठिपका

परळला टाटा रुग्णालयाबाहेर, चहाच्या टपरीपाशी दोघं उभे आहेत. एक रात्रपाळी संपवून निघालेली परिचारिका. दुसरा, वडिलांना उपचारांसाठी गावाहून घेऊन आलेला आणि रात्री याच फुटपाथवर पथारी टाकणारा मुलगा. दोघांच्या फोनमधला निळा ठिपका एकाच जागी आहे.

हा ठिपका जीपीएसचा. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या किमान चार उपग्रहांचे संदेश फोन टिपतो आणि ते पोहोचायला लागलेल्या वेळेवरून अक्षांश-रेखांश काढतो. मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरची चूक राहते. उंच इमारतींच्या गर्दीत संदेश भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने येतात, मग ठिपका रस्त्यापलीकडेही उडी मारतो.

इथवर सगळं गणित आहे. खरी अडचण पुढे, त्या आकड्यांचं ‘ठिकाण’ करताना येते. सॉफ्टवेअर बघतं की जवळपास नकाशात काय नोंदलंय आणि माणूस तिथे कधी, किती वेळ, किती वेळा थांबतो. फोन रात्री जिथे मुक्कामाला ते घर, दिवसा जिथे ते कामाचं ठिकाण, हा सर्रास वापरला जाणारा ठोकताळा. तो या दोघांना लावून बघा. परिचारिकेचं घर टाटा रुग्णालय ठरतं आणि त्या मुलाचंही! एकीची नोकरी, दुसऱ्याच्या आयुष्यातले सगळ्यात कठीण दिवस, आणि दोन्हींवर एकच शिक्का. अशाच अंदाजांवरून पुढे जाहिराती दाखवल्या जातात. म्हणून हा शिक्का ज्याचा त्याला दिसलाच पाहिजे आणि पुसताही आला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

नावांचा गुंता वेगळाच. ‘हिंदमाताला पाणी भरलंय’ म्हटलं की मुंबईकर थिएटरचा विचार करत नाही, अख्खा चौक त्याच्या डोळ्यांसमोर येतो. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८मध्ये प्रभादेवी झालं, तरी जुनं नाव अजून तोंडात आहे. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर एकाच जागेची अधिकृत, जुनी, बोलण्यातली आणि मराठी अशी सगळी नावं नोंदवता येतात. खातं उघडून कुणीही ती भरू शकतं. परळ-दादरकरांनी हे काम मनावर घ्यावं, कारण इथली खडान्‌खडा माहिती त्यांनाच आहे. बाहेरगावच्या माणसाला आधी काय लागतं? ओपीडीचं गेट, रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान, सार्वजनिक शौचालय, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. सुरुवात तिथूनच करता येईल.