ऑनसाइड किक: आधी कळवून द्यायची हुलकावणी

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये 2024 च्या मोसमापासून ऑनसाइड किक मारायची असेल तर ते आधी पंचांना सांगावे लागते. किकऑफ म्हणजे चेंडू लाथेने समोरच्यांकडे धाडून खेळ सुरू करणे; तोच मुद्दाम आखूड मारून चेंडू आपणच परत मिळवायचा, ही ऑनसाइड किक. समोरच्या संघालाही ते कळते, दोन्ही संघ त्या किकसाठी ठरवलेल्या वेगळ्या रचनेत उभे राहतात आणि मग चेंडूला लाथ बसते. पहिल्या वर्षी अट आणखी कडक होती: मारायची ती पिछाडीवरच्या संघानेच, आणि तीही चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्येच. दवंडी पिटून दरोडा घालावा तसला हा प्रकार.

आधी नावाचा घोळ. ‘ऑनसाइड’ हा शब्द रग्बीतला. लाथ मारणाऱ्याच्या मागे असलेला खेळाडू ऑनसाइड, पुढे असलेला ऑफसाइड. मागच्याने धावत जाऊन चेंडू परत मिळवला तर तो त्याचा. या हिशेबाने किकऑफच्या वेळी लाथ मारणारा सगळा संघ चेंडूच्या मागेच उभा असतो, म्हणजे प्रत्येक किकऑफ ऑनसाइडच म्हणायला हवा. साठ यार्ड उडालेला चेंडूही ऑनसाइड आणि बारा यार्ड सरपटलेलाही. पण बोलीत हे नाव फक्त त्या आखूड, स्वतःच परत मिळवण्यासाठी मारलेल्या किकला चिकटले. मधल्या काळात त्याला आणखी एक अर्थ होता. 1906 साली फॉरवर्ड पासला, म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकायला, परवानगी मिळाली, तेव्हाच असेही ठरले की चालू खेळात पंट केलेला (हातातून सोडून वरच्यावर लाथाडलेला) चेंडू जमिनीला लागला की लाथ मारणाऱ्या संघाचे सगळे खेळाडू ऑनसाइड. पास अजून कोणाला धड जमत नव्हता, चुकला तर दंडही जबर होता. तेव्हा मोकळ्या जागेत आखूड पंट मारून त्यामागे धावणे हीच बरी चाल ठरे. 1923 मध्ये ती सवलत गेली. नाव मात्र उरले आणि किकऑफकडे सरकले.

किकऑफचा चेंडू दहा यार्ड गेला की तो कोणीही घ्यावा, यावर ऑनसाइड किक उभी आहे, आणि ती दहा यार्डांची अटही एका हुलकावणीच्या बंदोबस्तातूनच आलेली. त्या काळी किकऑफ घेणारा चेंडूला पायाने जेमतेम टोचून लगेच हातात उचलू शके. 1892 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला हार्वर्ड-येल सामन्यात हार्वर्डने दुसऱ्या अर्धाच्या सुरुवातीला याचा फायदा घेतला. खेळाडूंच्या दोन तुकड्या मागून भरधाव आल्या, त्यांची पाचर झाली, चेंडू त्या पाचरीच्या पोटात गेला आणि सगळा जथा एकाच बचावपटूवर आदळला. ही चाल सुचली होती बुद्धिबळाच्या नादी असलेल्या आणि स्वतः कधीच फुटबॉल न खेळलेल्या माणसाला. पुढे सगळेच पाचरी करू लागले, हाडे मोडू लागली. 1894 मध्ये नियम आला: किकऑफचा चेंडू खरोखर लाथाडलाच पाहिजे आणि तो दहा यार्ड गेला पाहिजे. पाचर बंद झाली. पण दहा यार्डांनंतर चेंडू कोणाचाही, हे त्यातूनच पक्के झाले, आणि नव्या पळवाटेची जागा तयार झाली.

हा खेळ असाच वाढत आला आहे. 1903 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या आदिवासी मुलांच्या शाळेने हार्वर्डविरुद्ध किकऑफ झेलला, सगळ्यांनी कोंडाळे केले आणि चेंडू एकाच्या जर्सीत मागून सरकवला. त्या जर्सीला आधीच इलॅस्टिक शिवून घेतलेले होते! टचडाऊन झाला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे पोचला; सामना मात्र हार्वर्डने 12-11 असा जिंकला. 2007 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पीडमाँटच्या हायस्कूलने किकच्याच एका सवलतीवर अख्खे आक्रमण बेतले. पास झेलण्याचा हक्क नसलेल्यांना 50 ते 79 क्रमांक घालावे लागतात; पण कोणी सात यार्ड मागे, लाथ मारण्याच्या रचनेत उभा असेल तर ही अट सुटते. या शाळेने लाथ मारायची नसतानाही एकाला सात यार्ड मागे ठेवले आणि अकराही जणांना पास झेलणाऱ्यांचे क्रमांक दिले. पास नेमका कोण झेलू शकतो, हे बचावाला अखेरच्या क्षणापर्यंत कळेना. 2009 मध्ये ते दार लावले गेले.

तरीही या सगळ्या बंद्यांमध्ये 2024 चा निर्णय वेगळा पडतो, कारण इथे कोणी लबाडी केलेलीच नव्हती.

7 फेब्रुवारी 2010, मायामी. व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतराला न्यू ऑर्लिन्सचा संघ 6-10 ने मागे. दुसऱ्या अर्धाचा किकऑफ त्यांचाच, म्हणजे चेंडू इंडियानापोलिसला मिळणार. पहिल्याच मोसमातला त्यांचा पंटर नेहमीसारखा धावत आला आणि चेंडू डावीकडे आखूड सरपटवला. समोरच्याच्या हातांतून तो निसटला, त्यावर खेळाडूंचा ढीग पडला, आणि ढीग उपसायला पंचांना मिनिटभराहून जास्त वेळ लागला. सगळ्यात तळाशी चेंडू न्यू ऑर्लिन्सकडे होता. त्याच चढाईत त्यांनी टचडाऊन केला आणि सामना 31-17 असा जिंकला.

अशी अचानक मारलेली ऑनसाइड किक जवळपास निम्म्या वेळा साधायची. सामना हातचा जात असताना, सगळ्यांना अपेक्षित असलेली पाचातून एखादी. तीही जमे ती मागून धावत येण्याच्या मुभेमुळे. चेंडूच्या वरच्या भागावर फटका मारायचा, तो जमिनीवर आपटून लोळतो आणि मग एक उंच टप्पा घेतो. तेवढ्यात धावत आलेले दहा यार्ड ओलांडतात. 2018 मध्ये मेंदूच्या दुखापती कमी करण्यासाठी किकऑफला धावत येणे बंद झाले, एका बाजूला गर्दी करणेही बंद झाले, आणि यशाचे प्रमाण एका वर्षात दहा टक्क्यांच्या खाली आले. दुखापतींचा मुद्दा रास्तच. पण ऑनसाइड किकचे काय होईल, याचा विचार तेव्हा कोणी मनावर घेतलेला दिसत नाही. 2020 मध्ये फिलाडेल्फियाने पर्याय सुचवला होता: किकऐवजी आपल्याच 25 यार्डांच्या रेषेवरून एकच डाव, पंधरा यार्ड मिळवले तर चेंडू तुमचा. संघमालकांनी तो मान्य केला नाही.

तोवर किकऑफच निर्जीव झाला होता. फेब्रुवारी 2024 च्या अंतिम सामन्यातले तेराच्या तेरा किकऑफ टचबॅक झाले, म्हणजे चेंडू घेऊन कोणी धावलेच नाही. म्हणून नवी रचना आली: लाथ मारणारा आपल्या 35 यार्डांच्या रेषेवर एकटा, त्याचे दहा साथीदार थेट समोरच्यांच्या 40 यार्डांच्या रेषेवर, आणि चेंडू पडेपर्यंत किंवा झेलला जाईपर्यंत त्यांनी हलायचे नाही. साथीदारच तिकडे उभे म्हटल्यावर आखूड किक मारून तिच्यामागे धावणार कोण? तेव्हा ऑनसाइड किकसाठी जुनी मांडणी वेगळी ठेवली, आणि ती हवी असेल तर आधी सांगायचे. त्या पहिल्या मोसमात पन्नासेक प्रयत्नांतून बोटांवर मोजण्याइतकेच साधले.

कॉलेजच्या खेळात हे बंधन नाही. जानेवारी 2016 मध्ये ॲरिझोनातल्या ग्लेंडेलच्या अंतिम सामन्यात 24-24 अशी बरोबरी असताना अलाबामा विद्यापीठाने चौथ्या क्वार्टरमध्ये अशीच किक मारली, चेंडू मिळवला आणि पुढे 45-40 ने जिंकले. व्यावसायिक लीगमध्ये 2024 च्या नियमाने बरोबरीच्या संघाला ते करता आले नसते. 2025 मध्ये तिथला नियम थोडा सैल झाला, पिछाडीवरच्या संघाला कोणत्याही क्वार्टरमध्ये ही किक मागायची मुभा मिळाली. मायामीत न्यू ऑर्लिन्स चार गुणांनी मागेच होते, त्यामुळे त्यांची ती किक आज नियमात बसते. फक्त इंडियानापोलिसला ती आधी कळली असती.