मासे सगळ्यात शेवटी

पाणी भरलं, क्षार विरघळवले, पंप आणि हीटर सुरू झाले की एकच घाई असते, मासे सोडायची. समुद्री माशांच्या टँकमध्ये मात्र त्यासाठी साधारण चार ते सहा आठवडे थांबावं लागतं. टँक तेव्हा रिकामा दिसतो, पण महत्त्वाचं काम त्याच काळात होतं.

माशाच्या शरीरात प्रथिनांचं विघटन झालं की अमोनिया तयार होतो आणि मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. समुद्रात तो कुठल्या कुठे विरून जातो. काचेच्या पेटीतून जाणार कुठे? त्यात खाऱ्या पाण्याचा सामू (pH) ८.१ ते ८.४. सामू जितका चढा, तितका अमोनियाचा अधिक हिस्सा विषारी रूपात राहतो. त्यामुळे किंचित आम्लधर्मी गोड्या पाण्यात खपून जाणारं प्रमाण इथे माशाचा जीव घेऊ शकतं.

यावरचा उपाय म्हणजे सूक्ष्मजीव. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटची भीती समुद्री टँकमध्ये थोडी कमी असते, कारण पाण्यातल्या भरपूर क्लोराइडमुळे ते कल्ल्यांतून सहज आत शिरू शकत नाही. नायट्रेट बरंच सौम्य. ते अधूनमधून पाणी बदलून कमी करता येतं. सच्छिद्र खडकांच्या आत, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही तिथे, आणखी वेगळे जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून टाकतात. समुद्री टँकमध्ये खडक रचतात ते केवळ शोभेसाठी नव्हे.

अमोनियावर जगणारे जीव म्हणजे जिवाणूच, असं शास्त्रज्ञही बराच काळ मानत होते. मग सिएटलच्या एका मत्स्यालयातल्या टँकमधून एक वेगळाच सूक्ष्मजीव हाती लागला आणि २००५मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा जिवाणू नाही, आर्किया या स्वतंत्र गटातला आहे. त्याचे नातेवाईक महासागरात अमाप संख्येने आहेत. इतका मोठा कारभार सांभाळणारा जीव सापडावा तो माशांच्या टँकमध्ये, याची मला अजूनही गंमत वाटते.

हे सगळे सूक्ष्मजीव फार सावकाश वाढतात आणि पाण्यात तरंगण्यापेक्षा खडक, वाळू, फिल्टर यांच्या पृष्ठभागावर वस्ती करतात. त्यांना खाद्य हवं, म्हणून टँकमध्ये अमोनियम क्लोराइड किंवा चिमूटभर माशांचं खाणं टाकतात. टेस्ट किटमध्ये आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइटचं तसंच होतं. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही उरलं नाही, की टँक तयार. या कामासाठी एखादा ‘काटक’ मासा आधी सोडण्याची जुनी पद्धत मला निव्वळ क्रूर वाटते. सुरुवातीला काचेवर, वाळूवर तपकिरी थर दिसतो; ते डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल असतात. बहुतेकदा आपोआप जातात.

पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार लागतात, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असलेलं समुद्री मिश्रणच हवं. ते विरघळवायला आरओचं पाणी उत्तम, कारण नळाच्या पाण्यातलं थोडंसं तांबंही कोळंबी आणि शंखगोगलगायींना मारू शकतं. नवशिके हमखास फसतात ते पातळी घटल्यावर. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार मागेच राहतात. म्हणून भर घालायची ती बिनक्षाराच्या पाण्याची. समुद्री माशाच्या अंगातला द्रव समुद्राच्या जेमतेम एक तृतीयांश खारट असतो. त्याच्या शरीरातून पाणी सतत बाहेर ओढलं जातं. तो समुद्र पिऊन ते भरून काढतो आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे फेकतो. खारटपणा अचानक बदलला, की या यंत्रणेवर ताण येतो.

म्हणूनच छोट्या टँकपेक्षा मोठा टँक सांभाळायला सोपा: पाणी जास्त, तर बदल हळू. सुरुवातीला टँकमध्येच पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी बरी. निळा टँग मासा कितीही मोहात पाडो, तो ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. नवे मासे एकदम आणू नयेत. अमोनियाचा भार वाढला की सूक्ष्मजीवांची संख्याही वाढावी लागते, आणि त्यांना वेळ लागतो. पहिली जोडी सोडल्यावर दोन-तीन आठवडे फक्त टेस्ट किट काढून अमोनिया मोजत राहावा.