तेवीस आणि एकोणतीसच्या मधलं अंतर

बेळगावच्या टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट पडलं की थांबलेल्या गाड्यांचे नंबर वाचायची मला लहानपणापासूनची सवय. केए 22 बेळगाव, 23 चिकोडी, मग बैलहोंगल, धारवाड, गदग, हावेरी, विजापूर आणि 29 बागलकोट. यांत 23 आणि 29 तेवढ्या मूळ संख्या, म्हणजे 1 आणि स्वतः सोडून कशानंच भाग न जाणाऱ्या; मधल्या पाचही संयुक्त, म्हणजे भाग जाणाऱ्या. मूळ संख्येला शेजारची कानडी शाळेतली मुलं ‘अविभाज्य संख्ये’ म्हणतात, आणि मला तो शब्द जास्त नेमका वाटतो.

या संख्या कधी संपत नाहीत, हे ग्रीक गणिती युक्लिडनं इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास दाखवलं. एकीनंतर दुसरी किती लांब, याचा माग काढला तो जर्मन गणिती गाऊसनं. 1792-93 च्या सुमारास, पंधरा-सोळा वर्षांचा असताना, तो हजार-हजाराचे गट पाडून मूळ संख्या मोजत बसे. पुढं पुढं त्या विरळ होत जातात. हजाराच्या आसपास सरासरी अंतर 7, दहा लाखांपाशी 14. विरळ होण्याचा गाऊसचा हा अंदाज 1896 मध्ये आदामार आणि द ला व्हाले पूसँ या गणितींनी स्वतंत्रपणे सिद्ध केला.

पण सरासरीवरून एकेक अंतर कळत नाही. मोठं अंतर दाखवायला वहीचं एक पान पुरतं. 1 ते 5 चा गुणाकार 120. मग 122 ला 2 नं भाग जातो, 123 ला 3 नं, 124 ला 4 नं, 125 ला 5 नं, आणि 126 पुन्हा सम. (प्रत्यक्षात 113 नंतर थेट 127 च येते.) 5 ऐवजी 100 पर्यंत गुणाकार करा, ओळीनं 99 संयुक्त संख्या हाती येतात.

लहान अंतराचा प्रश्न मात्र कमालीचा चिवट. 11-13, 17-19 अशा जोडमूळ संख्या कायम भेटत राहतील का? फ्रेंच गणिती पोलिन्याकनं 1849 मध्ये प्रत्येक सम अंतराबद्दल तसं अनुमान मांडलं. पुढं दीडशेहून जास्त वर्षं, अमुक मर्यादेच्या आतलं अंतर अनंत वेळा येतं एवढंसुद्धा कुणाला सिद्ध करता आलं नाही. 2005 मध्ये गोल्डस्टन, पिंट्झ आणि यिल्दिरिम उंबरठ्यापर्यंत पोचले. मे 2013 मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या यितांग झांगनं ती मर्यादा सिद्ध केली : 7 कोटी. आकडा अवाढव्य वाटतो, पण त्याआधी मर्यादाच नव्हती! त्याच वर्षी जेम्स मेनार्डनं वेगळ्या वाटेनं ती 600 वर आणली, आणि 2014 मध्ये अनेकांनी मिळून 246 वर. तिथून 2 पर्यंतची वाट अजून बंद आहे.