हिरव्या पाण्यावरचे उपाय: मोरचुदापासून जवाच्या काडापर्यंत

शेततळ्यात शेवाळ माजलं की मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा निळा क्षार) टाका, हा सल्ला आता इतका अंगवळणी पडलाय की तो आला कुठून हे कुणी विचारत नाही. द्राक्षबागायतदारांना मोरचूद ठाऊक असतो तो बोर्डो मिश्रणामुळे. मोरचूद आणि चुन्याचं हे मिश्रण फ्रान्समध्ये 1880च्या दशकात द्राक्षावरच्या केवडा रोगावर लागू पडलं. पाण्यातल्या शेवाळावर तांबं वापरायची रीत मात्र अमेरिकेत बसली. व्हर्जिनियात वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या एका पालेभाजीचे वाफे शेवाळाने भरून जात. तिथे केलेले प्रयोग जमले आणि 1904 साली सरकारी पत्रिका निघाली. पिण्याच्या पाण्याच्या तलावांना हाच उपाय तिने सुचवला. गोणपाटात निळे खडे भरायचे, गोणी होडीला बांधायची आणि खडे विरघळेपर्यंत तलावभर होडी वल्हवायची, इतकं ते सोपं होतं. त्यामुळे ते झपाट्याने पसरलं.

सोपेपणाची किंमत उशिरा कळली. अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यातल्या एका गावाने आपल्या तलावांत 58 वर्षं मोरचूद टाकला. 1984 साली त्याचा लेखाजोखा मांडला गेला, तेव्हा तळच्या गाळात तांबं साचलेलं, मासे मेलेले आणि तांब्याला न जुमानणारं शेवाळ वाढलेलं दिसलं. शिवाय मेलेलं शेवाळ तळाशी कुजून प्राणवायू संपवत होतं, आणि गाळातला स्फुरद (फॉस्फरस) पुन्हा पाण्यात येऊन पुढच्या शेवाळाला खत मिळत होतं.

पण या सगळ्या इतिहासात खरा वादाचा निर्णय 1979चा आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये पाम आयलंड नावाचं बेट आहे, वस्ती मुख्यतः मूलनिवासींची. तिथल्या धरणाचं पाणी हिरवं झालं, वास आणि चव बिघडल्याच्या तक्रारी आल्या. व्यवस्थापनाने धरणात मोरचूद टाकला. तक्रारीला उत्तर म्हणून ते रास्तच होतं, पाऊण शतकाची वहिवाटच ती. काही दिवसांतच मुलं आजारी पडू लागली. उलट्या, सुजलेलं यकृत, मग रक्ताचे जुलाब, लघवीवाटे साखर आणि प्रथिनं. एकूण 148 जण आजारी पडले, त्यांत 138 मुलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. ज्या घरांना धरणाचं पाणी जात नव्हतं, तिथे आजार नव्हता.

कारण उलगडायला काही वर्षं गेली. नंतर त्याच धरणातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाची एक जात प्रयोगशाळेत वाढवली गेली, उंदरांना दिली गेली, आणि त्यांची यकृतं निकामी झाली. विषाची रचना 1992 साली निश्चित झाली. सर्वमान्य उलगडा असा, की विष शेवाळाच्या पेशीत बंद होतं. मोरचुदाने पेशी फुटल्या आणि ते सगळं एकदम पाण्यात उतरलं. ते साध्या गाळणीने अडत नाही. पुढे एका टीकाकाराने उलट बाजू मांडली: आजार तांब्याच्याच विषबाधेचा होता, शेवाळ उगाच बदनाम झालं. लक्षणांचा विचार केला तर मला पहिली बाजू जड वाटते, पण दुसरी हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण फुलोरा, म्हणजे शेवाळाची दाट वाढ, ऐन भरात असतानाचं पाणी तपासलं गेलं नव्हतं. दोन्हींपैकी कोणतीही बाजू खरी मानली तरी बोट एकाच कृतीकडे जातं: लोक पीत असलेल्या पाण्यात, आत कोणतं शेवाळ आहे हे न बघता मोरचूद ओतणं. मात्र फुलोरा दाट होण्याआधीच मात्रा दिली तर विष पाण्यात उतरण्याचा धोका कमी होतो, हेही पुढे शिकले लोक.

‘नैसर्गिक’ उपायांकडे ओढा वाढला तो यानंतरच्या दशकात. ब्रिटनमध्ये जवाचं काड पाण्यात पडलं की शेवाळ कमी होतं, हे 1980च्या सुमारास ध्यानात आलं आणि 1990च्या आसपास त्यावर रीतसर प्रयोग झाले. मात्रा दर चौरस मीटरला साधारण 10 ते 25 ग्रॅम. काड सैल जाळीत भरून तरंगतं ठेवायचं, कारण हवा लागली तरच ते नीट कुजतं. घट्ट गठ्ठा बुडवला तर आत सडून उलट प्राणवायू खातो. आहे ते शेवाळ यानं मरत नाही, नवं येणं थांबतं, तेही सगळ्या जातींचं नाही. कुजणाऱ्या काडातून उन्हात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, असा एक तर्क आहे. नेदरलँड्समध्ये 2009 साली अख्ख्या तलावात तेच पेरॉक्साइड लिटरला सुमारे 2 मिलिग्रॅम या मात्रेत थेट सोडलं गेलं. निळं-हिरवं शेवाळ काही दिवसांत जवळजवळ संपलं, इतर जीवांना फारशी झळ नाही. मग याला रासायनिक म्हणायचं की नैसर्गिक, ज्याचं त्याने ठरवावं.

या सगळ्याच्या आधी, 1973 साली, शेवाळ मुळात कशामुळे माजतं हे बघायला कॅनडातल्या एका तलावात मधोमध पडदा लावून दोन्ही बाजूंना कर्ब आणि नत्र दिलं गेलं, स्फुरद फक्त एका बाजूला. तीच बाजू हिरवी झाली. साबणातलं फॉस्फेट, म्हणजे स्फुरदच, शेवाळ वाढवतं का हा वाद त्या तलावाच्या एका हवाई छायाचित्राने जवळपास निकालात काढला.

आपल्याकडे हा विषय शिवारात उतरला तो प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यांबरोबर, विशेषतः 2016च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर. साठलेलं पाणी, भरपूर ऊन, खतं मिसळलेला निचरा. शेवाळाला आणखी काय हवं? ठिबकचा वाळूचा फिल्टर सारखा उलट्या प्रवाहाने धुवावा (बॅकवॉश) लागतो, ड्रिपर बुजतात. सिल्व्हर कार्प सोडले की प्रश्न मिटतो हे अर्धंच खरं. तो मासा पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळ गाळून खातो, लांब तंतूंचं तसंच राहतं. मोरचुदाचंही गणित पाण्यागणिक बदलतं. आपल्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात तांब्याचा साका होऊन बराच मोरचूद वाया जातो. मऊ, म्हणजे क्षार कमी असलेल्या, पाण्यात तीच मात्रा माशांच्या जिवावर उठते. म्हणून आता सल्ला दिला जातो तो पाण्याची क्षारता आधी तपासण्याचा, आणि एका वेळी तळ्याचा तिसरा हिस्साच घेऊन, पुढच्या हिश्शाला हात लावण्याआधी आठ-पंधरा दिवस थांबण्याचा.