पाणी येत नाही, ते कुठल्या पानावर?

परळच्या आमच्या इमारतीत गच्चीवरची टाकी धुतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी वॉशिंग मशीन रुसलं. नुसतं घूं करायचं, पाणी घ्यायचं नाही. आई म्हणाली, "अरे, पुस्तक दिलंय ना सोबत, ते बघ."

बघितलं. 'मशीनची ओळख', 'मशीनची रचना', 'मशीनची निगा', 'मशीनविषयी इतर माहिती'. आता यात पाणी कुठे शोधायचं? अर्ध्या तासाने ते 'निगा'मध्ये सापडलं. पाण्याची नळी मशीनला जोडतात तिथे बारीक जाळी असते, ती गाळाने चोक होते. नळ बंद करायचा, नळी काढायची, जाळी जुन्या टूथब्रशने घासायची. पाच मिनिटांचं काम.

गंमत म्हणजे मथळ्यांवरचा एक गाजलेला प्रयोग कपडे धुण्यावरच आहे. १९७२ साली ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक उतारा ऐकवला: वस्तूंचे गट करा, एका वेळी फार घेऊ नका, चूक महागात पडेल... 'कपडे' हा शब्द मात्र कुठेच नाही. विषय आधी सांगितलेल्यांना १८ मुद्द्यांपैकी सरासरी ५.८ आठवले, अजिबात न सांगितलेल्यांना २.८. उतारा संपल्यावर विषय सांगितलेल्यांचीही तीच गत, २.६५. डोक्यात कपड्यांचा ढीग आधीच असेल, तरच ऐकलेलं वाक्य त्याला चिकटतं. मागाहून सांगून काही उपयोग नाही.

शिवाय डोळ्याला एका वेळी स्पष्ट दिसतं ते फार थोडं, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढं. त्यामुळे घाईत नजर पानावर उड्या मारत जाते आणि बहुधा ओळीच्या सुरुवातीला टेकते. तिथे चारही वेळा 'मशीन'च भेटलं तर ती उडी फुकट. इंग्रजीत मथळा क्रियापदाने सुरू करा असं शिकवतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून 'जाळी साफ करणे' लिहिलं की नेमकी वस्तूच पुढे उभी राहते. ही आपली आयती सोय. ती सोडून 'सफाईविषयक मार्गदर्शक सूचना' लिहिणाऱ्याचा हेतू मला तरी कळलेला नाही. मेकॅनिकला फोन केल्यावर माणूस जे बोलतो, तेच छापावं: 'पाणी येत नाही', 'कपडे ओलेच राहतात'.

मी 'निगा' खोडून तिथे बॉलपेनने 'पाणी येत नाही' लिहिलं. परवा बघतो तर खाली आईच्या अक्षरात आणखी एक ओळ: 'दार अडकलं तर?'