मासळी मेली, शेत करपलं: हरित न्यायाधिकरणात भरपाई मागताना

कारखान्याच्या पाण्यानं खाडीतली मासळी मेली की गाव निवेदनं देत फिरतं. तलाठी, तहसीलदार, प्रांत. निवेदनं जरूर द्या, पण त्यांनी दाव्याची मुदत थांबत नाही. वकील गाठेपर्यंत निम्मी मुदत गेलेली असते.

अर्ज राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात करायचा. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचं खंडपीठ पुण्यात आहे. २०१० च्या कायद्यातलं कलम १४ प्रदूषणाचा वाद मांडण्यासाठी, मुदत ६ महिने. कलम १५ नुकसानभरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करून घेण्यासाठी, मुदत ५ वर्षं. सबळ कारण दाखवलं तर दोन्हींत आणखी फार तर ६० दिवस मिळतात. मोजणी कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून होते, म्हणून ती तारीख आधी वहीत टिपून ठेवा.

नुकसान झालेली व्यक्ती, मालमत्तेचा मालक, मृताचे वारस किंवा बाधितांची प्रातिनिधिक संस्था अर्ज करू शकते. म्हणजे मच्छीमार सोसायटीही चालते. मात्र कोणाचं किती बुडालं हे घरटी मांडावं लागतं, आणि वकिलाला ते गावाशिवाय कोणी सांगू शकत नाही.

खरी मेहनत इथेच आहे. शेतकऱ्यानं सातबारा आणि पीक नुकसानीचा पंचनामा, मच्छीमारानं होडीची नोंदणी, परवाना, सोसायटीचं सभासदत्व आणि मासळी विक्रीच्या पावत्या काढून ठेवाव्यात. दवाखान्याची बिलं, तारखेसह फोटोही हवेत. आपण बाटलीत भरून आणलेल्या पाण्याला फारसं वजन नसतं; प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करून त्यांच्या अधिकाऱ्यांकडून नमुना घ्यायला लावा. अहवाल मिळाला नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. उत्तराला ३० दिवस जातात, तेही हिशेबात धरा. सगळ्यासोबत प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र आणि मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं. सरकारकडून आधी काही मदत मिळाली असेल तर ती लपवू नका, कायद्यानं ती सांगावीच लागते.

भरपाई मागितली नसेल तर शुल्क १,००० रुपये. मागितली असेल तर रकमेच्या १ टक्का, किमान १,०००. पाच लाखांच्या मागणीला पाच हजार. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक आपत्तीत सापडलेल्यांना मोफत वकील मिळण्याची तरतूद आहे. महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही, तरी मासळी विकणाऱ्या बायकांची नावं अर्जात क्वचितच दिसतात. नुकसान त्यांचंही असतं.

याच पुणे खंडपीठानं २०१५ मध्ये उरणच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला होता.

निकाल मान्य नसेल तर तो कळवल्यापासून ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं. समोरच्या पक्षालाही तोच हक्क आहे, तेव्हा निकाल लागला म्हणून कागदांची फाईल माळ्यावर टाकू नका.