भटारखाना आणि घरगुती पंगतीची मांडणी (नाशिक)

भटारखाना : मोठ्या संख्येच्या जेवणासाठी कायमचे किंवा एका दिवसापुरते मांडलेले स्वयंपाकघर. मंगल कार्यालयाच्या मागची पत्र्याची शेड, जुन्या नाशकातल्या वाड्याच्या चौकात पेटवलेली चूल आणि सवाष्णींच्या जेवणाला तीस पाने वाढणारा फ्लॅटमधला ओटा या तिन्हींचा विचार इथे एकत्र केला आहे. आकार वेगळे असले तरी मांडणी एकाच टोकापासून सुरू होते, आणि ते टोक चूल नव्हे, पान. पहिली पंगत किती वाजता, एका पंगतीत किती पाने आणि वाढपी किती, हे ठरल्याशिवाय पातेली कुठे ठेवायची हे ठरत नाही. गरम वाढायची पुरी कढईतून पानापर्यंत दोन मिनिटांत पोचायला हवी, म्हणून पुरीची कढई वाढपाच्या दाराशी. आमटी तासभर निवत नाही, ती आत मागे चालते. भाज्या चिरणे आणि भांडी घासणे एकमेकांपासून लांब, आणि दोन्ही पाण्याजवळ. नवशिक्या यजमानांची गडबड होते ती इथेच. नळ एकच असतो.

कोठी : शिध्याची कुलूपबंद खोली. तिची किल्ली एकाकडेच असते, घरच्या कार्यात बहुधा हिशेबाला पक्क्या मामाकडे किंवा आत्याकडे. आचारी आदल्या दिवशी यादी देतो, कोठीवाला मापून सामान काढतो. तूप, काजू आणि केशर मात्र लागेल तसे, थोडे थोडे. आचाऱ्याला हा अविश्वास वाटत नाही, उलट शेवटी कमी पडले तर बोल कोणाला लावायचा हे आधीच ठरलेले असते. अंदाज साधारण असे : १०० पानांना तांदूळ ८ ते १० किलो, वरणाला तूरडाळ ३ ते ४ किलो, श्रीखंड १२ ते १५ किलो. मुख्य जिन्नस पानांच्या हिशेबात वाढतात. मीठ, तिखट आणि पाणी तसे वाढत नाही. मोठ्या पातेल्यात पाण्याची वाफ प्रमाणाने कमी होते, त्यामुळे घरच्या मापाने पाणी घातलेला दहा किलोंचा भात गिचका होतो. जाणता आचारी मीठ दोन हप्त्यांत घालतो. कांदा लासलगाव-पिंपळगावच्या बाजारामुळे इथे कधी चिंतेचा विषय नसतो. चिंता असते ती कांदा चिरायला माणसे मिळण्याची.

चूल : पूर्वी अंगणात लांब चर खणून त्यावर ओळीने पातेली चढवत. आता गॅसच्या भट्ट्या आहेत. व्यवसायासाठी १९ किलोंचा सिलिंडर वापरायचा असतो; घरगुती १४.२ किलोंचा वापरणे नियमबाह्य आहे, तरी तो अनेक ठिकाणी दिसतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडर तळघरात किंवा खोलगट जागी ठेवत नाहीत. व्यावसायिक केटरिंगला २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो. जिल्ह्याच्या खानदेशाकडच्या भागात, बागलाण-मालेगावकडे, पुरणाचे मांडे असतील तर पालथ्या खापराची चूल वेगळी मांडावी लागते. तिच्या आसपास दुसरे काही शिजवू नये, कारण मांडे हातावर फिरवून मोठे करणाऱ्या बाईला मोकळी जागा हवी.

भांडी : नाशिकच्या भांडी बाजाराला आणि तांबट लेनला तांब्या-पितळेच्या कामाची जुनी ओळख आहे. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली तर ती कळकते, म्हणून आत कथलाची कल्हई असावी लागते. कार्यालयांत आज ॲल्युमिनियम आणि स्टीलची पातेली चालतात, मंडपवाल्याकडून भाड्याने. परात, झारा, ओगराळे मात्र पुष्कळ आचारी स्वतःचे आणतात. भाड्याच्या भांड्यांची मोजदाद घेतानाच करावी, परत देताना नव्हे.

ऋतू : नाशिकची थंडी आणि उन्हाळा भटारखान्याला वेगवेगळे सतावतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा बऱ्याचदा पाच अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हा दही उशिरा लागते, म्हणून श्रीखंडाच्या चक्क्यासाठी विरजण एक दिवस आधी लावतात. एप्रिल-मेच्या लग्नसराईत आदल्या रात्रीचे पुरण सकाळी आंबते. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान फार वेळ राहिले की त्यात जंतू वाढतात. भात सगळ्यांत फसवा, कारण बॅसिलस सीरियसचे बीजाणू शिजवण्यातूनही टिकतात आणि त्याचे एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून भात पंगतीच्या हिशेबाने दोन-तीनदा टाकणे बरे.

सिंहस्थ : दर बारा वर्षांनी भरणाऱ्या मेळ्यात नाशिकला वैष्णव आणि त्र्यंबकेश्वरला शैव आखाडे उतरतात. तपोवनातल्या साधुग्रामात तेव्हा रोजचे भंडारे चालतात. कार्यालयातला भटारखाना एका मुहूर्तासाठी असतो, तिथला दिवसचे दिवस पेटता राहतो, आणि येणाऱ्यांचा आकडा आधी कोणालाच सांगता येत नाही. साहजिकच पदार्थ साधे ठेवतात, आणि धान्याची कोठी चुलीपेक्षा मोठी असते.

घरचा ओटा : पंचवीस-तीस माणसांसाठी घरचे स्वयंपाकघर पुरते, फक्त ओटा पुरत नाही. मोठे पातेले दोन शेगड्यांच्या गॅसवर ठेवले की शेजारची शेगडीही अडते. उपाय सोपा आहे. चटणी, कोशिंबिरीची तयारी आणि गोड आदल्या दिवशी करावे. सकाळी ओट्यावर फक्त भात, भाजी, आमटी आणि तळण. मीठ व दाण्याचे कूट घातल्यावर कोशिंबिरीला पाणी सुटते, त्यामुळे ते पाने मांडताना. मिक्सर आणि डबे ओट्यावरून उचलून खोलीत न्यावेत, बैठकीच्या खोलीतले टेबल आत आणावे. फ्रिजला हात लावायचा अधिकार एकीलाच द्यावा. ‘काकू, मी काय करू?’ असे विचारणाऱ्या प्रत्येकाला ओट्याशी उभे केले की गर्दी होते. त्यांना पाने मांडायला आणि पाणी वाढायला पाठवावे. पानात मीठ वरच्या टोकाला मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि आमटी. वाट्याही त्याच क्रमाने ओट्यावर लावल्या तर वाढणाऱ्याला विचारावे लागत नाही.

शेवटची पंगत आचारी, वाढपी आणि भांडी घासणाऱ्या बायकांची. तोवर पुऱ्या निवलेल्या असतात. चांगला कोठीवाला त्यांच्यासाठी कणकेचा एक गोळा आणि श्रीखंडाचे एक पातेले आधीच बाजूला काढून ठेवतो.